अंगठ्याएवढी मोटर

आमच्या घरात मला काही विचारलं की उत्तर म्हणून आकडा मिळायचा. "आई, कुकर लावू?" असं विचारलं की मी म्हणायची, "दोनशे सोळा." याचा अर्थ, आत्ता बोलू नका, मी मोजतेय. मुलं ह्याच उत्तरांवर मोठी झाली. शेजारणींना सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली. मोजणाऱ्या बाईने मध्येच "हो" किंवा "नाही" म्हटलं तर आकडा जातो. आकडा मोठ्याने म्हटला तर समोरचा गप्प होतो आणि आकडाही राहतो.

पंखे भरणं हा माझा धंदा. पंख्याची मोटर जळली की आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि तेवढेच वेढे मोजून नवी तार गुंडाळायची. गाळ्याबाहेरच्या बोर्डावर 'वायंडिंग' लिहिलेलं असतं, आम्ही भरणं म्हणतो. भाईंदरला नवघरमध्ये माझ्या नवऱ्याचा गाळा होता. त्याचा हात चांगला होता, पण मोजायचा धीर नव्हता. दोनशेच्या पुढे गेला की अंदाजाने वेढे मारायचा आणि तो पंखा महिन्याभरात परत यायचा. मी रत्नागिरीकडच्या एका शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पाढे पाठ होते आणि बडबडीची हौस नव्हती. म्हणून आधी मोजायचं काम माझ्याकडे आलं, मग तार गुंडाळायचं, मग सगळंच. नवरा गेल्यावरही गाळा मी बारा वर्षं चालवला.

दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके एवढंच माझं हिशेबाचं सामान. शंभर वेढे झाले की एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत. आणि पंख्याचा एक नियम असतो, तो धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. पंख्यात ओळीने कॉइली असतात. पहिल्या कॉइलला तार गुंडाळायच्या मशीनचं हँडल पुढे फिरवायचं, दुसरीला मागे. एक सुलट, एक उलट. का, ते मी कधी विचारलं नाही. तसं केलं की पंखा फिरतो, नाही केलं तर जागच्या जागी नुसता घुमतो. एवढं मला पुरे होतं.

गाळा गेला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मशीन घरी आणून दिवाणाखाली ठेवलं. सुनेने दोनदा विचारलं की भंगारात देऊ या का. तिचंही चूक नव्हतं, केर काढताना तिचा अंगठा त्याच्यावर आपटायचा. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती आणि डाव्या हाताची दोन बोटं सकाळी तासभर बधिर असायची. मी तिला म्हटलं, श्रावण संपू दे, मग बघू.

त्याच श्रावणात तो आला. भाईंदर पश्चिमेला मोरवा गावात राहणारा, माझ्याच वयाचा माणूस. गाळा होता तेव्हा घरातले सगळे पंखे माझ्याकडे आणायचा, तेवढीच ओळख. काखेत जुन्या लुंगीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. चपला दाराबाहेर काढून त्याने ते गाठोडं जमिनीवर सोडलं. आत हातभर लांबीची होडी होती.

मी खेळणी बघितली आहेत, ते खेळणं नव्हतं. तो आणि त्याचा थोरला भाऊ, दोघांची एक होडी होती. मिठागरातलं मीठ खाडीतून वाहायची. भाऊ तिचा तांडेल, म्हणजे ती हाकणारा, आणि हा इंजिनावर. होडी मोडीत काढली तेव्हा ह्याने तिची एक फळी ठेवून घेतली होती. त्या फळीतून त्याने दीड वर्ष बसून ही कोरली. फळी चांगली होती. मीठ खाल्लेलं लाकूड किडत नाही.

आत सेल होते, खेळण्यातल्या गाडीचा रिमोट जोडलेला होता आणि मागे पितळेचा पंखा, त्याला फिरवणारी एक मोटर. दुखणं त्या मोटरचं होतं.

"वयनी, ही पलते," तो म्हणाला. "भरलेली होडी पलते काय कधी?"

मी म्हटलं, मग पळू दे की, लोकांना तर पळणारंच लागतं. तेव्हा त्याने सांगितलं ते असं. भाऊ पंच्याऐंशीचा झाला होता. कमरेचं हाड मोडून बसलं तेव्हापासून वॉकर घेऊन चालायचा. नारळी पौर्णिमा झाली की त्याची मुलगी त्याला अलिबागकडे आपल्या घरी नेणार होती, आणि तिथून तो परत येण्यातला नव्हता. ते दोघांनाही माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. ह्याने होडी पुरी केली, भावाला गावच्या तळ्यावर खुर्ची टाकून बसवलं आणि होडी पाण्यात सोडली. ती सुर्रकन ह्या काठाची त्या काठाला गेली. भावाने बघितलं आणि म्हणाला, "ही आपली न्हाय. हा झुरल हाय." मग त्याने घरी न्या म्हणून हात केला.

पौर्णिमेला अकरा दिवस होते. त्याला होडी हळू चालायला हवी होती. मिठाने भरलेली होडी चालते तशी, म्हणजे भाऊ जाण्याआधी एकदा तिला आपली म्हणेल. बाकी काही नाही.

मी त्याला तीन उपाय सांगितले, तिन्ही त्याने आधीच करून बघितले होते. सेल कमी केले तर मोटर हळू झाली पण तिच्यात जोरच राहिला नाही, शेवाळाला लागली की थांबायची. गियर लावला तर मिक्सरसारखी घरघरायला लागली. रिमोटने सुकाणू वळायचं, पण मोटर चालू आणि बंद एवढीच व्हायची. दुकानात दुसरी मोटर मागितली तर दुकानदार आणखी जोरात पळणारी काढून दाखवायचा. हळू चालणारी मोटर कुणी ठेवत नाही, कारण कुणी मागत नाही.

"तार बारीक घ्यायची आणि वेढे वाढवायचे," मी म्हटलं. पंख्यात मी हे केलेलं होतं. तेवढ्याच विजेवर वेढे जास्त मारले की मोटर हळू फिरते, पण जोर धरून फिरते. तो म्हणाला, म्हणूनच तुमच्याकडे आलो. मी म्हटलं, मी पंखे भरते, आणि आता तेही नाही. मोटर काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली.

माझ्या अंगठ्याएवढी होती, वरच्या दोन पेरांएवढी. मी पत्र्याच्या कडा उचकटून ती उघडली आणि आतला दांडा बाहेर काढला. दांड्यावर लोखंडाचे तीन दात, प्रत्येक दाताला कमरपट्ट्यासारखी तार, आणि दांड्याच्या टोकाला तांब्याची एक चिमुकली कडी, तीन तुकड्यांत चिरलेली. माझ्या सबंध आयुष्यात मी हातात धरलेल्या मोटरी कमीत कमी नारळाएवढ्या. ही बघून मला काय वाटलं ते सांगायचं तर, पहिलं मूल झालं तेव्हा त्याच्या करंगळीचं नख बघून वाटलं होतं तसं. एवढंसं, आणि तरी पुरं. घडवणाऱ्याने काही सोडलेलं नव्हतं.

ठेवून जा, म्हटलं.

जुनी तार ब्लेडने कापून काढली. साठ वेढे होते प्रत्येक दातावर. मी दीडशे धरले. तेवढी बारीक तार माझ्याकडे एका फिरकीवर राहिलेली होती, कधीतरी एका छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी आणलेली. केसाएवढी जाड म्हटलं तरी जास्त होईल. तिच्यावर वार्निशची कातडी असते, ती दिसत नाही, पण तीच सगळं सांभाळते. ती खरचटली की तारेला तार लागते आणि मोटर जळते. मशीनचा इथे उपयोग नव्हता, हातानेच गुंडाळायचं. खिडकीशी बसले, भिंग लावलं. उजव्या हातात तार, डाव्या हातात दांडा, आणि ओढ किती द्यायची ते फक्त बोटाला कळतं. जास्त दिली की तुटते, कमी दिली की वेढे सैल बसतात आणि दीडशे मावत नाहीत.

"आई, चहा ठेवू?"

"त्रेचाळीस."

सून आत गेली. दोन वर्षांनी तिने ते उत्तर ऐकलं होतं.

दोन दिवस लागले. दोनदा तार तुटली, दोनदा पहिल्यापासून. तिन्ही दात भरले, टोकं ब्लेडने खरवडून कडीच्या तुकड्यांना कथिलाचा डाख दिला, वार्निश लावलं. वार्निश वाळायला ऊन लागतं आणि श्रावणात ऊन कुठून आणणार. मी ते टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवलं, तो कायम गरम असतो. रात्रंदिवस मालिका बघण्याचा तेवढा तरी उपयोग झाला, असं सून म्हणाली. मालिका तीच बघते.

तिसऱ्या दिवशी मोटरचा पत्रा परत बसवून सेल जोडले. ती थंडीतापाच्या माणसासारखी थरथरली आणि थांबली. दांडा नखाने ढकलला तर अर्धा फेरा गेली, उलटी उसळली, परत थांबली. अर्ध्या मिनिटात गरम वार्निशचा वास आला. त्या वासाला मी चाळीस वर्षं ओळखते. सेल काढून टाकले.

मुलगा म्हणाला, डोळ्यांचं असेल, कुठेतरी तार खरचटली असेल. मलाही तसंच वाटलं. भिंगातून वेढा न वेढा बघितला. खरचटलं कुठेच नव्हतं, डाखही पक्के होते. म्हणजे चूक होती आणि मला दिसत नव्हती. आंधळं होण्यापेक्षा हे वाईट. गाळ्यात असं झालं असतं तर मी नवऱ्यावर ओरडले असते. इथे ओरडायला दुसरं कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी तो आला. मी सरळ सांगितलं, जमलं नाही, आणि का जमलं नाही तेही मला कळलेलं नाही. त्याने कॅलेंडरकडे बघितलं. मग शर्टाच्या खिशातून दुसरी मोटर काढली. दुकानात दोन घेतल्या होत्या, एक लागली तर म्हणून. ही कोरी होती, कुणी न उघडलेली.

"वयनी, हिला बघा. हिला न्हाय जमलं तर राहू दे."

तो गेल्यावर मी ती उघडली आणि ह्या वेळी ब्लेड घेतलं नाही. टोक सोडवून एकेक वेढा हाताने उलगडायला घेतला. पहिला दात, तार उजवीकडून येत होती. दुसरा दात, तरीही उजवीकडून. मी थांबले. तिसरा उलगडला. तोही उजवीकडून. तिन्ही सुलट.

मग माझी भरलेली मोटर घेतली. सुलट, उलट, सुलट. मी हे ठरवून केलेलंच नव्हतं. हाताने केलं होतं. जुनी तार काढताना तिची दिशा बघायची असते, हे मी दहा पोरांना शिकवलंय. मी बघितली नाही, कारण मला माहीत होती. पंखेवाल्या बाईशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली नसती. ज्याला काहीच येत नाही त्याने तीनही दात एकाच बाजूने गुंडाळले असते आणि त्याची मोटर पहिल्या दिवशी चालली असती.

चूक सापडली, तेवढ्यावर गुंडाळायला बसायचं, ही माझी रीत. पण त्या दिवशी बसवेना. तिन्ही सुलट, मग ती फिरते कशी? पंखा उलट-सुलट केल्याशिवाय फिरत नाही. इथे उलट कोण करतं?

माझा भरलेला दांडा लाकडी पाटावर दोन चिमट्यांमध्ये आडवा ठेवला. सेलच्या दोन तारा कडीच्या दोन बाजूंना टेकवल्या, मोटरीत वीज देणाऱ्या पत्त्या टेकतात तशा. एका दाताला सुनेची नेलपॉलिश लावली, ओळखायला. मोटरीतल्या चुंबकावर शिवणाची सुई घासली, दोऱ्याला आडवी बांधली आणि सुनेला म्हटलं, धर. तिने काही न विचारता धरली.

रंगवलेला दात माझ्या बाजूला होता तेव्हा त्याने सुईचं टोक ओढून घेतलं. तारा होत्या तिथेच ठेवून मी दांडा नखाने अर्धा फेरा फिरवला. दात पलीकडे गेला. सुनेने सुई पलीकडे नेली. आता त्याच दाताने टोक ढकलून दिलं आणि सुईचं नाकं ओढून घेतलं.

"परत करा," सून म्हणाली.

परत केलं. इकडे टोक, तिकडे नाकं. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या, गॅस बंद करायला कुणी उठलं नाही. कडी चिरलेली का असते ते तेव्हा मला दिसलं. ती फिरते तशी तार एका तुकड्यावरून सुटते आणि दुसऱ्याला लागते. ज्या टोकातून वीज आत जात होती त्याच टोकातून ती बाहेर पडायला लागते. सेलची वीज एकाच बाजूने येते, पंख्याच्या विजेसारखी ती आपली आपण उलटसुलट होत नाही, हे नवऱ्याने मला कधीतरी सांगितलेलं होतं आणि मी ऐकून सोडून दिलं होतं. म्हणून ही कडी. दात पुढे गेला की त्याला उलटा करायचा, परत आला की सुलटा. जे मी हँडल पुढे-मागे करून चाळीस वर्षं केलं, ते ही अंगठ्याएवढी वस्तू स्वतःचं स्वतः करत होती, प्रत्येक फेऱ्याला, डोळ्याला दिसू नये इतक्या वेळा. आणि ती मीठ वाहायला नव्हती, वारा द्यायला नव्हती, खेळण्यात घालून फेकून द्यायला बनवली होती.

मी किती हजार मोटरी भरल्या ते माहीत नाही. एकही का फिरते ते मला माहीत नव्हतं. याची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. मला वाटलं, बरं झालं डोळे मिटायच्या आधी हे बघितलं.

दुसऱ्या दिवशी उलगडलेला दांडा घेऊन गुंडाळायला बसले. सगळ्यात कठीण गेला तो दुसरा दात. पहिला संपला की हात आपोआप वळायचा. दर वेढ्याला मी आकड्याबरोबर "सुलट" म्हणायला लागले. एक सुलट, दोन सुलट. सून येता-जाता ऐकत होती. ह्या वेळी पन्नासाला एक चिंचोका धरला होता, आणि पन्नास झाले तेव्हा माझे दोन्ही हात अडकलेले होते. मी वाटीकडे बघितलं, तेवढ्यात तिने वाकून एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत टाकला आणि भाजी निवडायला गेली. शंभरला परत आली.

मग डाख, वार्निश, सेट-टॉप बॉक्स. दोन ब्लेडांच्या धारांवर दांडा आडवा ठेवून बघितला, कुठल्या बाजूला जड होऊन लोळतो का. लोळला नाही. सेल जोडले. ती फिरली, आणि दांड्याला लावलेला कागदाचा तुकडा मला फिरताना दिसत होता. आधीच्या मोटरीत तो नुसता धुरासारखा दिसायचा. दांडा चिमटीत धरून थांबवायला गेले तर बोटाला ओढ लागली. पौर्णिमेला दोन दिवस होते.

पौर्णिमेच्या सकाळी मी रिक्षाने मोरव्याला गेले. घरात नारळाला सोनेरी कागद लावणं चाललं होतं, संध्याकाळी सगळे खाडीवर जाणार होते. आम्ही तिघंच तळ्यावर होतो. भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत, पुढ्यात वॉकर. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. त्याला जबरदस्तीने आणलेलं आहे हे दिसत होतं. धाकट्याने होडीत मिठाची चार पुडकी ठेवली, वजनाला. मग गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन ती सोडली आणि रिमोट दाबला.

ती लगेच निघालीच नाही. आधी मागचं पाणी जरासं फुगलं, मग नाक हललं. मग ती निघाली, काठाला धरून, पाणी न उडवता. शेवाळाची एक जाळी आडवी आली, ती तिने ओढत नेली. मी होडीतली बाई नाही, मला समुद्र लागतो. पण ती जड आहे हे मला काठावरून कळत होतं. सहाशे ग्रॅमची वस्तू, आणि टनभर ओझं असल्यासारखी जात होती. साडेचारशे वेढे, सगळे सुलट.

धाकटा होडीकडे बघत नव्हता, भावाकडे बघत होता. होडी खुर्चीच्या समोरून पुढे गेली. तेव्हा भावाने वॉकर ओढला आणि उठला. धाकटा रिमोट टाकून धावणार होता, त्याला भावाने हातानेच थांबवलं. मग तो काठाकाठाने चालायला लागला. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. होडी त्याच्या बरोबरीने जात होती. तो मागे पडत नव्हता, तीही पुढे जात नव्हती. अर्धं तळं ती दोघं तशीच गेली.

वडाच्या मुळांपाशी पाणी उथळ होतं. भाऊ थांबला, मागे न बघता त्याने हात बाजूला केला.

"बाहेर घे," तो म्हणाला. "फुडं गाल हाय."

धाकट्याने होडी काठापासून बाहेर, खोल पाण्याकडे घेतली. पुढे गाळ होता की नव्हता मला माहीत नाही. थोरला परत चालायला लागला आणि होडीही चालायला लागली.

ती काठाला लागली तेव्हा मी वाकून तिच्या मागची झाकणाची फळी उचलली आणि मोटरवर दोन बोटं ठेवली. आमच्या धंद्यात मोटर बरी आहे की नाही ते डोळ्यांनी बघत नाहीत, हाताने बघतात; जळणारी चटका देते. कोमट होती.